जेवणाची वेळ तीच चाकाची वेळ



मुंबई-पुण्याच्या बायका मैत्रिणींबरोबर एक दिवसाची गाडी काढतात ती कोकणात, समुद्राच्या कडेकडेने. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही. आपला किनारा म्हणजे वैनगंगेचा काठ. चंद्रपूरहून मूल, पुढे नदी ओलांडून मार्कंडा, तिथून चामोर्शी, गडचिरोली आणि सावली-मूलवरून परत. मार्कंड्याची जुनी दगडी देवळे, तिथे उत्तरेकडे वळलेली नदी, वाळूत बसून मारलेल्या गप्पा. घरातल्या बाईला असा एक दिवस वर्षातून दोन-तीनदा तरी मिळालाच पाहिजे, असे मी मानते. त्यामुळे आज लिहिते आहे ते सहलीविरुद्ध नाही. लिहिते आहे ते आपल्या परतीच्या वाटेबद्दल.

परत येताना काय होते, ते आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. नदीवरून पाय निघत नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो. कुणीतरी घड्याळ बघते आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, "दादा, जरा लवकर घ्या ना, आमचे जेवण राहील." दादा बिचारे लवकर घेतात. मूलपासून चंद्रपूरपर्यंतचा साधारण ४५ किलोमीटरचा रस्ता, त्यात चिचपल्ली-लोहाऱ्याचे जंगल, आणि नेमकी चितळ-सांबर बाहेर पडण्याची वेळ. म्हणजे रात्रिभोजन टाळण्यासाठी आपण तिन्हीसांजेला गाडी जंगलातून पळवतो. ज्या जिवांसाठी व्रत घेतले, तेच जीव चाकासमोर येतात.

माझे मत असे आहे की रात्रिभोजनत्यागाची मर्यादा आपण ताटापुरती ठेवू नये. जंगलातल्या रस्त्यावर ती चाकालाही लावावी. आपली जेवणाची वेळ तीच गाडीची वेळ.

रात्री का जेवायचे नाही, हे आपल्याला लहानपणी आजीने सांगितले. अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, दिव्याभोवती जमतात, अन्नात पडतात. अंधारात जीव दिसत नाही हे कारण ताटाला लागू होते, तर टायरला का नाही? आपले मुनी आणि आर्यिका माता ईर्यासमिती पाळतात. दिवसा, उजेडात, मळलेल्या वाटेने, चार हात पुढची जमीन पाहत चालायचे. आपण श्रावक, आपल्याकडून तेवढे होणार नाही. पण त्यातला विचार घेता येतो: जेवढे दिसते, तेवढाच वेग.

आता थोडा हिशेब करू. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसले, पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली, एवढ्यात चांगल्या कोरड्या रस्त्यावरही ५५-६० मीटर सरतात. समोरून वाहन आले म्हणून हेडलाइट खाली केला की नीट दिसते ते साधारण ४०-५० मीटर. म्हणजे जीव दिसेपर्यंत उशीर झालेलाच असतो. ताशी ४० ला तीच गाडी वीसेक मीटरांत थांबते. चार हातांचा नियम गाडीला लावला तर तो असा निघतो.

"पण गाडी आम्ही कुठे चालवतो, ड्रायव्हर चालवतो," असे कुणी म्हणेल. कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपण प्रवचनात किती वेळा ऐकले आहेत! स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेले, तिन्ही आपल्या खात्यात. "दादा, लवकर घ्या" हे स्वच्छ कारित आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडलेली आहे. मारायचा हेतू नव्हता, एवढे म्हणून आपण सुटत नाही.

हे काही कल्पनेतले भय नाही. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बोरच्या जंगलातला 'बाजीराव' वाघ वाहनाच्या धडकेने मेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याच चिचपल्ली भागात बल्लारशा-गोंदिया रेल्वेमार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. वाघ मेला की बातमी येते. रातवा पक्षी रात्री रस्त्यावर बसतो, साप दिवसभर तापलेल्या डांबरावर ऊब घ्यायला येतो, ससा उजेडाने बावरून जागीच थांबतो. त्यांची बातमी येत नाही. पण आपल्या धर्मात पंचेंद्रिय जीव म्हणून वाघ आणि ससा यांच्यात काय फरक आहे?

सरकारने सोय करावी, हे म्हणणे बरोबरच आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा केल्या आहेत, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा त्या वाटांनी जाताना दिसले आहेत. कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातून २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. सरकारला रात्रीचा त्याग कायद्याने करावा लागला. आपल्याकडे तो व्रत म्हणून आधीपासून आहे, फक्त एक पाऊल पुढे न्यायचा. रेल्वेला वेळ बदलता येत नाही, मालाच्या ट्रकला थांबता येत नाही. सहलीला येते.

आता खरी अडचण. आपण उशिरा परततो, कारण आपण उशिरा निघतो. ठरते सातला आणि निघतो साडेदहाला. का? कारण सगळ्यांचे दोन्ही वेळचे करून निघायचे असते. आदल्या रात्री करून ठेवावे तर शिळे चालत नाही. सासऱ्यांचे पथ्य, मुलांचे डबे, मंदिरात जाणे, सगळे आटोपून गाडीत बसतो तेव्हा दिवसाचा उजेड निम्मा संपलेला असतो. जंगलातल्या चितळाचा जीव आपल्या ओट्यावर ठरतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आहे तसेच. म्हणून हा विषय घरात जेवताना बोलायचा आहे. वर्षातून दोन-तीन दिवस घरच्यांनी आपला कुकर आपण लावावा. वरण-भात चौदा वर्षांच्या मुलालाही करता येतो. त्या दिवशी घरात एक भाजी कमी झाली तर धर्म बुडत नाही. संध्याकाळी त्या रस्त्यावर घाई केली तर बुडू शकतो.

आम्ही पाचजणींनी गेल्या दोन हिवाळ्यांपासून असा क्रम धरला आहे. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटका जेवणासाठी सोडतो, त्याच रस्त्यासाठीही सोडायच्या. डिसेंबर-जानेवारीत मंदिर करून साडेसातला निघायचे. साडेनऊपर्यंत मार्कंडा. दुपारचे जेवण गडचिरोलीत, अडीचला तिथून परत. मूल पावणेचारला सोडले की रमतगमत आले तरी पावणेपाचच्या सुमारास चंद्रपूर.  उन्हाळ्यात तासभर जास्त मिळतो. डब्यात दशम्या, पुऱ्या, लसणाशिवायची दाण्याची चटणी, कच्च्या केळ्याची सुकी भाजी, बरोबर गाळलेले पाणी. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची असते, त्यामुळे पीठ आधी दळून ठेवता येते, सकाळी फक्त लाटायचे.

आणि इतके करूनही उशीर झालाच तर? तर त्या दिवशी जेवण सोडावे. एका रात्रीचा उपवास आपल्याला काही नवा नाही. काचा खाली, गाडी चाळिशीत, आणि मागच्या सीटवर गप्प बसायचे.

एक गोष्ट आणखी. वाटेत माकडांना केळी-बिस्किटे टाकणे थांबवू या. आपण ती जीवदया समजतो. पण खायला मिळते म्हणून ती रस्त्याच्या कडेला बसायला शिकतात आणि पुढच्या गाडीखाली येतात. उरलेले अन्न डब्यात परत आणावे.

आमच्या मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "एवढा विचार करायचा तर घरीच बसा. विनाकारण फिरणे हाही अनर्थदंडच." शास्त्रात तसे आहे, रत्नकरंड श्रावकाचारात निरर्थक भटकणे प्रमादचर्येत धरले आहे. पण मैत्रिणींबरोबर मोकळा श्वास घेणे मला निरर्थक वाटत नाही. निरर्थक आहे ती घाई. चातुर्मासात मात्र काकूंचे ऐकावे. त्या चार महिन्यांत जमिनीवर जीव फार म्हणून साधू एका जागी थांबतात. ताडोबाचा गाभाही १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. हिरवे जंगल बघायची हौस तेवढे दिवस आवरता येईल.

शेवटी, त्या जंगलात फक्त जनावरे नाहीत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोळी, मोहफुले, तेंदूपाने घेऊन संध्याकाळी त्याच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बायकांना वेळ निवडता येत नाही. मागे वाघाची भीती, पुढे आपल्या गाडीचा दिवा. आपल्याला वेळ निवडता येते. मग ती निवडली पाहिजे.

पुढच्या सहलीचा निरोप ग्रुपवर टाकाल तेव्हा किती वाजता निघायचे हे लिहालच. त्याच्या वरच्या ओळीत, किती वाजता चिचपल्लीचे जंगल मागे टाकायचे, तेही लिहा.