शाळेला कॅमेरा हवाय? आधी आवाजाचं बघा



दर एप्रिलला अमेरिकेत लास व्हेगासला 'एनएबी' प्रदर्शन भरतं. नवे कॅमेरे, एडिटिंगची नवी सॉफ्टवेअर. त्याचे व्हिडिओ ग्रुपवर आले की कुणीतरी म्हणतंच, "सर, लोकवर्गणी काढू, शाळेलाही असा कॅमेरा घेऊ." मला विचाराल तर जरा थांबा.

धुळ्याहून तासाभरावर मालेगाव. तिथे शेख नासिर यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सुपरमॅनचं विडंबन केलं. नायक यंत्रमाग कामगार, ट्रॉलीऐवजी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी! फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट याच खटाटोपावर आहे. मुलांना जरूर दाखवा.

आमच्या मुलींनी एका आजीच्या अहिराणी ओव्या मोबाईलवर घेतल्या. चित्र झकास, पण पंख्याची घरघर इतकी की शब्दच कळेना. पुन्हा घ्यायला गेलो, तेव्हा आजी राहिल्या नव्हत्या.

म्हणून आधी काही शे रुपयांचा कॉलर माइक घ्या, आणि पंखा बंद करा (हे फुकट आहे). 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती मिळते, खरंय. पण तिला दमदार कॉम्प्युटर लागतो, आपल्या लॅबमधल्या जुन्या पीसीचं ते काम नाही. कापाकापी मोबाईलवरच होऊ द्या, तीही मुलांच्या हातून. कोणतं वाक्य ठेवायचं, कोणतं गाळायचं यावर आमच्या सातवीत अर्धा तास भांडण झालं. निबंधाच्या तासाला असं कधी झालं नव्हतं.