सोंग आणि ढोंग

सोंग आणि ढोंग हे दोन शब्द मराठी माणूस बहुधा एका दमांत उच्चारतो. परंतु त्यांच्यांतील अंतर आमच्या खेड्यांतील पोरासहि ठाऊक असतें. सोंग घेणारा आणि सोंग पाहणारा, दोघेहि जाणून असतात कीं, हा मुखवटा आहे. ढोंगांत ही गोष्ट एकट्या ढोंग्यासच माहीत असते. एवढा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे, ज्या विषयाचें नुसतें नांव काढतांच आमचे कित्येक विद्वान् नाक मुरडतात त्याचा निवाडा करणें फारसें कठीण नाहीं. तो विषय म्हणजे विडंबनकोश: ज्ञानकोशाचें सोंग घेऊन, अनेक अनामिक हातांनीं मिळून लिहिलेला, संगणकाच्या जाळ्यावर सर्वांस खुला असलेला थट्टेचा कोश.

ह्या प्रकाराचा इतिहास थोडक्यांत असा. जानेवारी २००१ मध्यें विकिपीडिया निघाला. कोणींहि यावें, लिहावें आणि दुसऱ्यानें लिहिलेलें सुधारावें, हें त्याचें तत्त्व. त्याची मराठी शाखा मे २००३ मध्यें सुरू झाली. पुढें जानेवारी २००५ मध्यें त्याच मांडणीचा आणि त्याच गंभीर चेहऱ्याचा 'अनसायक्लोपीडिया' इंग्रजींत अवतरला. विकिपीडियाचें चिन्ह कोड्याच्या तुकड्यांनीं जोडलेला अपुरा गोल. ह्याचें चिन्ह तसाच जोडलेला पोकळ बटाटा! नोंदीच्या माथ्यावर ऑस्कर वाइल्डच्या नांवानें त्यानें कधींहि न उच्चारलेलीं वचनें घालावीं, अशी तेथें रूढि पडली. थोड्याच वर्षांत पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन, जपानी इत्यादि भाषांत त्याचीं भावंडें जन्मास आलीं. मराठींत मात्र हें रोप रुजलें नाहीं. तें रुजावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि त्यास विरोध करणारांचे आक्षेप एकेक करून तपासावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पहिला आक्षेप असा कीं, मराठींत खऱ्या कोशांचें दारिद्र्य असतां खोट्या कोशाची चैन कशाला? हा आक्षेप ऐकावयास सात्त्विक वाटतो, पण तो आमच्याच वडीलधाऱ्यांच्या श्रमांवर पाणी ओततो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं १९२० ते १९२७ ह्या काळांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग प्रसिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखालीं वाईस मराठी विश्वकोशाचें कार्य उभें राहिलें व त्याचा पहिला खंड १९७६ मध्यें निघाला. पंडित महादेवशास्त्री जोशी ह्यांनीं भारतीय संस्कृतिकोशाचे १० खंड संपादिले. जे दारिद्र्याची हाकाटी करतात त्यांनीं हे खंड बहुधा कपाटाच्या कांचेबाहेरूनच पाहिलेले असतात. शिवाय, गंभीर वाङ्मय संपूर्ण झाल्यावरच विनोदानें जन्म घ्यावा, असा क्रम कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'सुदाम्याचे पोहे' लिहावयास घेतले तेव्हां मराठी निबंध कांहीं परिपूर्ण झाला नव्हता. 'केशवकुमारां'नीं 'झेंडूचीं फुलें' वाहिलीं तेव्हां ज्या कवितेची त्यांनीं थट्टा केली ती ऐन बहरांत होती. विडंबन शोभतें तें बहर असतांनाच. सुकलेल्या झाडाची थट्टा करण्यांत पुरुषार्थ नाहीं.

विडंबनकोश नेमकी थट्टा कशाची करतो, हें आक्षेपकांनीं पाहिलेलेंच नाहीं. तो ज्ञानाची थट्टा करीत नाहीं. तो ज्ञानाच्या सुराची थट्टा करतो. 'अमुक गांव अमुक तालुक्यांत असून तेथील लोकांचा मुख्य व्यवसाय शेती आहे' हें वाक्य वाचतांना, लिहिणारा कोण, तो त्या गांवीं कधीं गेला होता काय, असें आपण विचारीत नाहीं. कर्त्यावांचून चालणारें क्रियापद, मध्येंच एखादा आंकडा, ठळक उपमथळे. एवढ्या सामग्रीवर आपला विश्वास जिंकला जातो. विडंबनकार हीच सामग्री हातीं घेतो, तिच्या साहाय्यानें धादांत खोटें सांगतो, आणि मग वाचकास प्रथमच उमगतें कीं, सूर वेगळा आणि सत्य वेगळें.

उदाहरणादाखल अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर, जिल्ह्यांतील राजूर हें गांव घेऊं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखास डांगाण म्हणतात. भंडारदऱ्याच्या वाटेवरील राजूर ही त्या मुलखाची बाजारपेठ. डांगी गुरांच्या प्रदर्शनासाठीं तें प्रसिद्ध आहे. पण कोशांत शिरतांना नांवाचाच घोळ! ह्याच नांवाचें गणपतीचें क्षेत्र जालना जिल्ह्यांत आहे, आणि ह्याच नांवाचें कोळशाच्या खाणीचें गांव यवतमाळ जिल्ह्यांत वणीजवळ आहे. बरें, गांव सांपडलें तरी पुढें काय? मराठी विकिपीडियावर शेंकडों गांवांच्या नोंदी एकाच साच्यांतून काढलेल्या आहेत: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळें, नागरी सुविधा, जवळपासचीं गांवें. मथळ्याखालीं एक तर चार सरधोपट वाक्यें, नाहीं तर २०११ च्या जनगणनेचे आंकडे. एका गांवाच्या जागीं दुसरें ठेवलें तरी वाक्य बिघडत नाहीं. नगर जिल्हा म्हणजे अवर्षण, ही ओळख जामखेड-पाथर्डीकडे पाहतां खरी. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, घाटघरास, पाऊस असा कोसळतो कीं, लोक त्यास जिल्ह्याचें चेरापुंजी म्हणतात. साच्यांत हें बसत नाहीं, म्हणून तें नोंदींत येत नाहीं. ज्यानें गांव पाहिलें नाहीं त्यानें गांवाविषयीं निश्चित स्वरांत लिहावें, ह्यास आम्ही ढोंग म्हणतों. विकिपीडियाचे स्वयंसेवक प्रामाणिक आहेत, ह्यांत शंका नाहीं. ढोंग त्यांचें नव्हे, साच्याचें आहे.

आतां ह्याच गांवाची विडंबनकोशांतील नोंद कशी असेल तें पाहावें. 'पाणी: पावसाळ्यांत ह्या मुलखांत पडतें, उन्हाळ्यांत खालीं उंसांत आढळतें. काजवा: एक प्रकाशमान कीटक, त्यास पाहावयास येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांमुळें दिसेनासा होतो. संशोधक: हिंवाळ्यांत येणारा स्थलांतरी पक्षी, झाडाखालीं प्रश्नावली टाकून उडून जातो.' हीं तीन वाक्यें आम्हींच रचलीं आहेत आणि त्यांचा सूर खोटा आहे. पण भंडारदऱ्याचें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि तेव्हांपासून प्रवरेचे कालवे खालच्या तालुक्यांतील बागाईत भिजवीत आले आहेत, ह्या गोष्टीचा डांगाणच्या बाजूनें दिसणारा अर्थ पहिल्या वाक्यांत आहे कीं नाहीं? गंभीर नोंद धरणाची उंची सांगून थांबते. थट्टेची नोंद पाणी कोठें जातें हें सांगते.

आणि गंभीर स्वरांत खोटें सांगितलें जात नाहीं, असें थोडेंच आहे? डांगाणांतील देवगांवचा राघोजी भांगरे सावकार व सरकार ह्यांच्याविरुद्ध उठला आणि १८४८ सालीं ठाण्यास फांशीं गेला. ब्रिटिश दप्तरानें त्याची गणना दरोडेखोरांत केली. आज आपलेंच सरकार त्यास आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करतें. माणूस तोच, दप्तराचा निश्चित सूरहि तोच. बदलली ती केवळ खुर्ची. ज्या वाचकास त्या सुरावर हंसण्याची संवय लागली असेल तो पहिल्या दप्तरासहि फसणार नाहीं आणि दुसऱ्यापुढेंहि डोळे मिटून मान डोलावणार नाहीं.

हें सारें परदेशी खूळ आहे, असें म्हणणारांनीं डांगाणांतील बोहाडा आठवावा. रात्रभर देव, दैत्य, पशु ह्यांचीं सोंगें वाद्यांच्या तालावर नाचत येतात. ज्याच्या तोंडावर रावणाचा मुखवटा आहे तो कोणाच्या घरचा, हें पोरासोरांसहि ठाऊक असतें, आणि तरीहि सोंगाचा मान राखला जातो. हा खेळ एका नाटककाराचा नव्हे. तो साऱ्या गांवानें मिळून उभा केलेला असतो. नाथांच्या भारुडांत जोशी, गारुडी, वासुदेव हींहि सोंगेंच आहेत. वगांतील सोंगाड्या पाटलाची आणि राजाची भाषा उचलून त्यांच्याच पदरांत टाकतो. अनेकांनीं मिळून, नांव न लावतां, थोरांच्या वाणीची नक्कल करावी, ही कल्पना आम्हांस शिकविण्यासाठीं कोणत्याहि यंत्राची गरज नव्हती.

दुसरा आक्षेप भावनांचा. थट्टेनें मनें दुखावतात, म्हणून थट्टा नको. इटलीमध्यें वास्को रोस्सी ह्या प्रसिद्ध गायकानें तेथील विडंबनकोशावर फिर्याद केली, आणि २०११ सालीं तो कोश कांहीं काळ बंद पडला. पण लोकांत इतका गवगवा झाला कीं, गायकासच माघार घ्यावी लागली. आमच्याकडे नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघरच्या दोन तरुणींस अटक झाली; मुंबई बंद कशासाठीं, अशा आशयाचें एकीनें फेसबुकवर लिहिलें आणि दुसरीनें त्यास पसंती दर्शविली, एवढाच अपराध. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६-अ रद्द ठरविलें. पुढें, सरकारी कारभाराविषयींचा कोणता मजकूर खोटा हें सरकारनेंच ठरवावें, असा नियम २०२३ मध्यें झाला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत जाणारांत एक व्यंगकार होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें तो नियमहि रद्द झाला. सारांश, खरें-खोटें ठरविण्याचा मक्ता एका हातीं गेला म्हणजे पहिली गदा सोंगाड्यावर येते. ज्यांस ढोंग चालवावयाचें असतें त्यांस सोंगाची चीड येते, ती उगाच नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्यास आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. आतां वाचणारा केवळ माणूस राहिलेला नाहीं. यंत्रेंहि वाचतात, आणि वाचलेलें आपल्या शब्दांत लोकांस सांगतात. मे २०२४ मध्यें गूगलच्या यंत्रानें रोज एक लहान दगड खावा असा सल्ला दिला. त्याचें मूळ 'दि अनियन' ह्या अमेरिकन थट्टापत्रांतील लेखांत होतें. इंग्रजींत एका थट्टेच्या लेखासमोर हजार खरे लेख असतात. मराठींत डांगाणाविषयीं मुळांतच लिखाण थोडें; त्यांत खोट्या नोंदींची भर पडली तर उद्यां राजूरच्या विद्यार्थ्यास स्वतःच्या गांवाची ओळख यंत्राकडून खोटी मिळेल, ही भीति खरी आहे.

तिचा परिहार दोन प्रकारें होतो. एक, सोंग तें सोंग, हें प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलें असावें; मुखवटा चेहऱ्याइतका हुबेहूब करणें ही सोंगाची कला नव्हे, ती फसवणूक आहे. जर्मनीच्या एका विख्यात वैद्यककोशांत १९८३ सालीं 'पाषाणभक्षक ऊ' ही काल्पनिक नोंद घातली गेली. १९९४ च्या आवृत्तींत ती गाळतांच वाचकांनीं तक्रारी केल्या, आणि १९९७ मध्यें ती परत घ्यावी लागली. त्या उवेनें वैद्यकशास्त्राचें कांहींहि बिघडविलें नाहीं, कारण तिच्या भोंवतीं हजारों खऱ्या नोंदी होत्या. हाच दुसरा परिहार. थोड्या मजकुराच्या भाषेस थट्टेपासून भय वाटत असेल तर उपाय थट्टा कमी करणें नव्हे, खरा मजकूर वाढविणें हा आहे. साच्यांतील सरधोपट वाक्यें यंत्र गिळतें तेव्हां कोणी ओरडत नाहीं, कारण त्यांवर खोटेपणाचा शिक्का नसतो.

विडंबनकोशांनीं आजवर सारें चांगलेंच केलें, असें आमचें म्हणणें नाहीं. नवशिक्यांसाठीं 'नुसतें मूर्ख न होतां विनोदी कसें व्हावें' अशा अर्थाचें पान इंग्रजी कोशास मुद्दाम ठेवावें लागलें, ह्यावरूनच तेथें काय माजलें होतें तें समजावें. शिवराळपणा, लहान गांवांची आणि गरिबांची टवाळी, खाजगी माणसांची बदनामी. हें सारें अनामिकतेच्या आडोशानें घडतें. मराठींत हें घडलें तर डांगाणी बोली, आदिवासींचा वेष, खेड्यांतील शाळा ह्यांवरच पहिली झोड उठेल, हें आम्ही जाणतों. म्हणून एक अट अवश्य असावी: हंसावयाचें तें आपल्याहून बलवानावर, नाहीं तर स्वतःवर. मराठी विडंबनकोशाच्या पहिल्या नोंदी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षीय भाषण, शासकीय योजनेची जाहिरात, विद्यापीठीय प्रबंध आणि आमच्यासारख्या मासिकांतील परीक्षणें ह्यांवर असाव्या. राजूरची नोंद राजूरकरांनींच लिहावी. त्यांच्या पाण्याची थट्टा करण्याचा अधिकार ज्यांचें पाणी खालीं गेलें त्यांचा आहे.

जे अजूनहि म्हणतील कीं, आधीं खरा कोश, मग खोटा, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. आपण आजच बसावें आणि एका डांगाणी गांवाची खरी नोंद लिहावी: तेथें काळभात कोणत्या वावरांत पिकतो, बोहाड्यांत कोणतें सोंग कोणाच्या घराण्याकडे असतें, बाजाराच्या दिवशीं कोणत्या वाडीचे लोक किती कोस चालून येतात. असें लिहितांना गांवीं जावें लागेल, म्हाताऱ्यांपाशीं बसावें लागेल, ऐकावें लागेल. अशी नोंद झाली म्हणजे तिची थट्टा करण्यास आम्ही राजूरकरांसच बोलावूं, आणि ती थट्टा ऐकून त्या नोंदींतील चुका दुरुस्त करण्यास आपल्यालाहि बोलावूं.