वैमानिकाची लेव्हल फोर आणि आपली ओरल

धुळ्याजवळ गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लबची आणि शिरपूरला तिथल्या अकॅडमीची शिकाऊ विमानं घिरट्या घालतात, हे आपल्या खान्देशात कोणाला नवीन नाही. कापूस वेचणारी बाईसुद्धा आता मान वर करून बघत नाही. पण त्या विमानात बसलेल्या पोराला परवाना हवा असेल तर नुसतं विमान उडवून भागत नाही, इंग्रजी बोलण्याची परीक्षाही द्यावी लागते, हे हॉस्टेलवर फार थोड्यांना माहीत असतं. आणि ती परीक्षा आपल्या कम्युनिकेशन स्किल्सच्या ओरलपेक्षा कितीतरी शहाणी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही परीक्षा रक्त सांडल्यावर आली. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरत होतं. सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी होती, कझाक विमानाला १५ हजारांपर्यंतच उतरायची. ते त्याच्याही खाली आलं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत दोष परवानगीपेक्षा खाली उतरण्यावर गेला, आणि त्यामागे कझाक कर्मचाऱ्यांचं कच्चं इंग्रजी हेही एक कारण सांगितलं गेलं. त्या विमानात कंट्रोलशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. म्हणजे ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा!

आता कोणी म्हणेल, इंग्रजी कच्चं म्हणजे ग्रामर कच्चं. तसं नाही. १९७७ साली टेनेरीफ बेटावर धुक्यात डच विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं, की आम्ही आता 'अॅट टेक-ऑफ' आहोत. टॉवरला वाटलं, विमान तयार होऊन उभं आहे. प्रत्यक्षात ते धावपट्टीवर पळायला लागलं होतं आणि समोर अमेरिकेचं दुसरं विमान होतं. ५८३ माणसं गेली. हे मला लगेच कळतं, कारण आपला रूम पार्टनर 'निघालो, निघालो' म्हणतो तेव्हा तो गेटवर असतो की अजून गोधडीत, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्या अपघातानंतर टेक-ऑफ हा शब्द रेडिओवर फक्त त्याची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, असा दंडक झाला.

पुढे आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये इंग्रजीची मोजपट्टी ठरवली. मार्च २००८ ची मुदत होती, बऱ्याच देशांची तयारी नव्हती म्हणून त्यांना २०११ पर्यंत सवलत मिळाली. लेव्हल एक ते सहा, पास व्हायला चार. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद असे सहा भाग. यात अॅव्हरेज काढत नाहीत, सहांपैकी सर्वांत कमी जी लेव्हल, तीच तुमची. ग्रेस मार्कांना वाव नाही! पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचंच. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, अगदी लेव्हल सहालासुद्धा. फक्त समोरच्याला कळायला अडचण येऊ नये. आणि गैरसमज झाला असं वाटलं तर पुन्हा विचारून खात्री करून घेता येणं, हा संवाद या भागाचाच एक निकष आहे. आपल्याकडे जीडीत 'सर, परत सांगता का' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. घरी 'काय करी राहिना भो' बोलणारा पोरगा मग पुढे तोंडच उघडत नाही.

युरोपात याच परीक्षेवरून एक वेगळीच भानगड होती. तिथे युरोपियन युनियनच्या देशांत वैमानिकांचे नियम एकच, एका देशाचा परवाना दुसऱ्यात चालतो. इंग्रजीची परीक्षा कोणत्या संस्थेने घ्यायची, हे मात्र त्या त्या देशाचं खातं ठरवतं. त्यामुळे पूर्वी एका देशात मिळालेला लेव्हल चारचा कागद दुसऱ्या देशाच्या खात्यात चालेलच याची खात्री नसायची. मोजपट्टी तीच, आकाश तेच, तरी परीक्षा पुन्हा! वैमानिक वैतागणारच. पण मला खात्याची बाजूही निम्मी पटते. पट्टी कितीही चांगली असली तरी ती धरणारा हात ढिला असला तर तीनचे चार व्हायला वेळ लागत नाही. बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं आणि दुसऱ्या परीक्षकाने ते स्वतंत्रपणे तपासलं, तर असा दाखला नाकारायला कोणत्याच देशाला तोंड राहणार नाही.

आता हेच आपल्या ओरलला लावून पाहा. एक्स्टर्नल सर येतात, भरीत-पुरीचं जेवण होतं, आणि संध्याकाळी सगळ्या बॅचला पंचवीसपैकी वीस ते तेवीस. मग कंपनी कॅम्पसला येते, ती मार्कशीटकडे ढुंकूनही बघत नाही, स्वतःची टेस्ट घेते. त्यात मार खातो तो जामनेर-साक्रीकडून आलेला, मराठी मीडियमचा पोरगा. त्याचे बावीस मार्क खरे होते की खोटे, हे त्याला चार वर्षांत कोणी सांगितलेलंच नसतं. गोड मार्क देऊन आपण त्याच्यावर उपकार केले, असं मानणाऱ्या सरांशी माझं अजिबात जमत नाही.

म्हणून विभागप्रमुखांना विनंती, की येत्या सेमिस्टरला निदान एका बॅचची ओरल वेगळी घेऊन बघावी. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' नको. वर्कशॉपमध्ये दोन पोरं पाठीला पाठ लावून उभी करा. एकाच्या हातात ड्रॉइंग, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, अडलं तर विचारायचं, कितीही वेळा. उच्चार खान्देशी असला तर मार्क कापायचे नाहीत. डायमेन्शन चुकलं तर मात्र दोघांचेही कापायचे. आणि सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या कॉलेजच्या सरांकडे तपासायला पाठवायचं, जेवणाशिवाय.