अधिछात्रवृत्तीचा निम्मा वाटा आणि शेतमजुराचा पंप

शास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या चार भिंतींत कोंडून घेऊ नये, काही काळ उद्योगात जावे, तेथील अनुभव घेऊन पुन्हा अध्यापनाकडे यावे आणि त्यासाठी अधिछात्रवृत्ती असाव्यात, या विचाराला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग १९३३ साली निघाला, तेव्हा वस्त्ररसायन हा त्याच्या आरंभीच्या विषयांपैकी एक होता. उद्योगाशी जडलेल्या त्या नात्याने विद्येची हानी झाली नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. या प्रवासाचा खर्च कोण देतो आणि म्हणून शास्त्रज्ञ कोणत्या दिशेने जातो?

पंतप्रधानांच्या नावाने उद्योगसंघटनेच्या सहकार्याने जी पीएच.डी.ची अधिछात्रवृत्ती निघाली, तिची निम्मी रक्कम सरकारने व निम्मी भागीदार कंपनीने द्यावी, अशी योजना होती. म्हणजे ज्या विषयाला कंपनी लाभली नाही, तो विषयच बाद.

हे यवतमाळात बसून पाहिले की अर्थ उलगडतो. संकरित कपाशीचे बियाणे शेतकऱ्याला दरसाल विकत घ्यावे लागते. सरळ वाणाची सरकी तो घरची राखू शकतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एकेए-७ हे देशी वाण असेच आहे. ते सुधारू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा निम्मा खर्च कोणती बियाणे कंपनी उचलील? यात दुष्टावा नाही, साधा हिशेब आहे. परंतु त्या हिशेबात आमचा कोरडवाहू शेतकरी बसत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चौकशी झाली, दोष कोणाचा यावर वाद झाले. पण पीक डोक्याच्या उंचीला गेल्यावर पंपाचा फवारा कोणाच्या अंगावर येतो? दोन-तीन औषधे एकत्र केल्यास शरीरात काय घडते? भाद्रपदाच्या उकाड्यात अंगावर ठेवता येईल असा संरक्षक पोशाख कोणत्या कापडाचा असावा? हे अस्सल वैज्ञानिक प्रश्न आहेत. त्यांना गिऱ्हाईक नाही, कारण पंप पाठीवर घेणारा माणूस मजुरीवर जगतो.

यावर उपाय नवा शोधावा लागत नाही. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठीमागे उपकर बसला आणि त्या पैशावर मध्यवर्ती कापूस समितीने संशोधन चालविले. माटुंग्याची प्रयोगशाळा १९२४ ची. तो पैसा एका गिरणीचा नव्हता, सबंध पिकाचा होता. म्हणून कोणा एका मालकाला विषय ठरविता येत नव्हता. तसाच उपकर आज बियाणे व कीटकनाशके यांच्या विक्रीवर बसवावा. तो अखेर शेतकऱ्याच्याच माथी येईल, असे काही साथी म्हणतील. मी अर्थशास्त्राचा मास्तर; करभार खाली सरकतो हे मला नाकारता येणार नाही. मात्र बोंडअळीरोधक बियाण्याच्या पाकिटामागे जनुकाचे शुल्क शेतकऱ्याने वर्षानुवर्षे भरलेच, आणि ते देताना संशोधन कशावर व्हावे हे त्याला कोणी विचारले नव्हते.

या निधीतून अधिछात्रवृत्ती घेणाऱ्याने विद्यापीठ व कारखाना यांबरोबर कपाशीचा एक पूर्ण हंगाम राळेगाव, केळापूर किंवा घाटंजी तालुक्यात काढावा. आणि विषय निवडणाऱ्या समितीत प्राध्यापक व उद्योजक यांच्या शेजारी फवारणी करणाऱ्या मजुरांचे दोन प्रतिनिधी मताच्या अधिकारासह बसावेत.