दांडा मागे, नजर वर

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि तिची छोटी शिकाऊ विमानं बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या लोकांना परकी नाहीत. त्यांतल्या डायमंड डीए-४० जातीच्या विमानात वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक दांडा असतो. तो छातीकडे ओढला की शेपटीवरची पट्टी वर उचलली जाते, शेपटी खाली दबते आणि विमानाचं नाक वर होतं. पुढे ढकलला की नाक खाली. शिकाऊ वैमानिकाला पहिल्याच दिवशी हे सांगतात आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो जमिनीवर, नेमबाजीच्या गेममध्ये. संगणकावर किंवा कन्सोलवर खेळणाऱ्या बहुतेकांना स्टिक पुढे केल्यावर नजर वर जायला हवी असते. पण थोडे खेळाडू असे असतात की नवा गेम सुरू झाला की आधी सेटिंगमध्ये जाऊन हे उलटं करून घेतात, म्हणजे वैमानिकासारखं स्टिक मागे, नजर वर. मित्र त्यांना हसतात, ‘तुझं सगळंच उलटं’ म्हणतात आणि त्यांच्या हातून कंट्रोलर घेतला की पहिली गोळी छतात मारतात. माझं म्हणणं असं, की इथे सुलटं आणि उलटं असं काही नाहीच. दोन्ही पद्धती सारख्याच सुसंगत आहेत, आणि त्यांतली कोणती घ्यायची हे ठरवण्याचा हक्क गेम बनवणाऱ्याचा नाही, खेळणाऱ्याचा आहे.

प्रश्न खरं तर एवढाच असतो, की हाताने आपण नेमकं काय हलवतोय असं मनाला वाटतं. पडद्याच्या मधोमध नेमाचा ठिपका आहे आणि तो आपण पडद्यावर सरकवतोय असं चित्र डोक्यात असेल, तर वर सरकवायला पुढे ढकलणं आलंच. पण पडद्यामागे एक डोकं आहे, त्या डोक्याला मागून धरलंय, असं चित्र असेल तर मागे ओढल्यावर डोकं मागे कलणार आणि डोळे वर बघणार. लग्नातल्या व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड आठवा: मागची मूठ तो खाली दाबतो तेव्हा कॅमेरा वर, मांडवाच्या झालरीकडे बघतो. आपल्याकडच्या रस्त्यांच्या आणि नाल्यांच्या कामांवर दिसणाऱ्या जेसीबीतही पुढच्या बकेटचा लिव्हर मागे ओढला की बकेट वर जाते आणि पुढे दाबला की खाली येते. त्या ऑपरेटरला कुणी उलट्या डोक्याचा म्हणत नाही.

याहून जवळचा पुरावा प्रत्येकाच्या खिशात आहे. वारासिवनीचा किंवा कटंगीचा एखादा मुलगा बीजीएमआय या नेमबाजीच्या गेमच्या एफपीपी मोडमध्ये, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून बघत खेळताना, उजवा अंगठा वर सरकवतो तेव्हा त्याची नजर वर जाते, म्हणजे पडद्यावरचं जग खाली सरकतं. तोच मुलगा पाच मिनिटांनी गूगल मॅप्स उघडून बालाघाटहून बैहरचा रस्ता बघतो आणि अंगठा तसाच वर सरकवतो. आता नकाशा वर जातो आणि खालचा भाग समोर येतो. काच तीच, अंगठा तोच, हालचाल तीच, परिणाम नेमका विरुद्ध. तरी तो गोंधळत नाही, कारण एका ठिकाणी आपण नजर धरली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कागद धरला आहे, हे त्याच्या हाताला न सांगता कळतं. फोनची हालचाल ओळखणारा जायरो सुरू केला तर तिसरंच चित्र तयार होतं: फोन म्हणजे खिडकी, ती जिकडे वळवाल तिकडचं दिसेल. एकाच फोनमध्ये तीन रीती सुखाने नांदत असतील, तर त्यांतली एकच नैसर्गिक आणि बाकीच्या विकृत, या म्हणण्याला आधार काय?

दिशा हा निसर्गाचा नियम नसून माणसांनी केलेला करार आहे, याला इतिहासही साक्ष देतो. विमानाचा आजचा दांडा सुरुवातीपासून असा नव्हता. राईट बंधूंच्या विमानांत तर विल्बर आणि ऑर्व्हिल या दोघांच्या हातांना लागलेली लिव्हरची रचना वेगवेगळी होती आणि पुढे त्यांच्याकडे शिकणाऱ्यांना त्यांतली एक पद्धत निवडावी लागे. मधला दांडा आणि पायांखालचा आडवा दांडा ही फ्रान्समध्ये ब्लेरिओ या विमान बनवणाऱ्याच्या विमानांवरून रूढ झालेली जोडी टिकली आणि जगाची झाली. त्यातही एक गंमत आहे. विमानात उजवा पाय पुढे दाबला की नाक उजवीकडे वळतं. सायकलच्या हँडलची उजवी मूठ पुढे ढकलली तर पुढचं चाक डावीकडे वळतं. वैमानिक सायकलही चालवतोच. जहाजांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकसमोर हिमनग दिसला तेव्हा हुकूम सुटला तो सुकाणू पूर्ण उजवीकडे घेण्याचा, आणि जहाजाचं तोंड वळलं डावीकडे. त्यात चूक काहीच नव्हती. तेव्हाचा हुकूम सुकाणूच्या जुन्या दांड्याला उद्देशून असे, जहाजाच्या तोंडाला उद्देशून नव्हे. दांडा उजवीकडे म्हणजे जहाज डावीकडे. ब्रिटिश जहाजांवर हा रिवाज १९३३ मध्ये बदलला. त्याआधीचे खलाशी उलट्या मेंदूचे नव्हते, त्यांच्या मनातलं चित्र वेगळं होतं इतकंच.

गेमची हकिगत यापुढे अगदी छोटी आहे. १९९३ च्या ‘डूम’मध्ये वर-खाली बघण्याची सोयच नव्हती, त्यामुळे प्रश्नही नव्हता. ‘क्वेक’च्या काळात, १९९६ च्या सुमाराला, माउसने चौफेर बघणं सुरू झालं. १९९७ च्या ‘गोल्डनआय’मध्ये आधीपासून लावून दिलेली रीत वैमानिकी होती. पुढे बहुसंख्य गेम दुसऱ्या बाजूला गेले आणि एका पिढीने जे सुलटं म्हणून शिकलं होतं ते पुढच्या पिढीच्या लेखी उलटं झालं. ज्याला आज आपण ‘नॉर्मल’ म्हणतो त्याचं वय एवढंच आहे.

इथे नेहमी एक खुलासा पुढे येतो: जे लहानपणी विमानांचे गेम खेळले त्यांना ती सवय लागली, बस्स. मलाही तो पटण्याजोगा वाटे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात जेनिफर कॉर्बेट आणि याप मुन्नेके या संशोधकांनी कोविडच्या काळात हा विषय हाती घेतला आणि त्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळाडूंना त्यांनी नुसती कारणं विचारली नाहीत, त्यांच्याकडून चाचण्या करून घेतल्या: एखादा आकार मनातल्या मनात फिरवून ओळखणं, चित्रातल्या दुसऱ्याच्या जागेवरून बघणं, तिरक्या पार्श्वभूमीवर एखादी वस्तू कुठे कलली आहे ते सांगणं, आणि खूण एका बाजूला दिसत असताना दुसऱ्या बाजूचं बटण दाबणं. खेळाडू स्वतः जी कारणं देत होते, म्हणजे पहिला गेम कोणता, विमानांचे गेम खेळला का, त्यांवरून कोण कोणती रीत वापरेल याचा नीट अंदाज बांधता आला नाही. तो बांधता आला मुख्यतः मनातल्या मनात आकार फिरवण्याच्या आणि बाजूंचा गोंधळ आवरण्याच्या वेगावरून. म्हणजे ही नुसती जुनी खोड नाही. मन अवकाश कसं हाताळतं, याच्याशी तिचं नातं आहे.

याच निष्कर्षाचा एक तुकडा माझ्या विरोधात वापरला जाईल, म्हणून तो आधीच सांगतो. चाचण्यांत जे जलद होते त्यांच्यात उलटी रीत वापरणारे कमी निघाले. मग सगळ्यांनी बहुमताची रीतच का धरू नये? दोन कारणांनी. एक म्हणजे वेगाने उत्तर देणाऱ्यांची उत्तरं जास्त बरोबर नव्हती. उलटी रीत वापरणारे किंचित अधिक अचूक होते. दुसरं, जलद माणसं एक रीत पसंत करतात याचा अर्थ ती रीत माणसाला जलद करते असा होत नाही. डावखुऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल उजव्या हातात कोंबणाऱ्या पिढ्यांनी नेमकी हीच गल्लत केली होती. संशोधकांनी सुचवलं आहे ते वेगळंच: ज्याने जी रीत धरली आहे त्याने दुसरीही काही तास प्रामाणिकपणे वापरून बघावी, कदाचित तीच जास्त जमेल. हे मला रास्त वाटतं, कारण इथे करून बघायचं स्वातंत्र्य खेळणाऱ्याकडेच राहतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणूस कशालाही सरावतो, तर एवढं कौतुक कशाला? अमेरिकेत जॉर्ज स्ट्रॅटन याने १८९७ मध्ये जग उलटं दाखवणारं भिंग आठ दिवस डोळ्यावर बांधून ठेवलं होतं आणि हळूहळू त्याला हालचाली जमू लागल्या. सराव होतो, हे मान्यच. पण शांतपणे झालेला सराव घाईच्या क्षणी टिकेल याची हमी नसते. पाश्चात्त्य विमानांतल्या क्षितिजदर्शकात विमानाची खूण स्थिर असते आणि क्षितिज कलतं. जुन्या सोव्हिएत विमानांत क्षितिज स्थिर आणि विमानाची खूण कलती. हा वाद आपल्याच वादाचा सख्खा भाऊ: हलतंय कोण, मी की जग? १४ सप्टेंबर २००८ ला रशियातल्या पेर्मजवळ एक बोइंग ७३७ रात्री ढगांमधून उतरताना कोसळलं आणि आतली ८८ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण वैमानिकांना जुन्या पद्धतीच्या दर्शकाची असलेली सवय आणि नव्याचं अपुरं प्रशिक्षण यांचाही चौकशीत उल्लेख झाला. मनातलं चित्र आणि समोरचं यंत्र यांच्यातली फट संकटाच्या क्षणी उघडी पडते. गेममध्ये जीव जात नाही, हे खरं. पण तिथला प्रत्येक निर्णायक क्षण घाईचाच असतो, आणि ज्याच्या हाताला ती फट सतत भरून काढावी लागते तो खेळाडू खेळण्याआधीच थोडा हरलेला असतो.

कुणी म्हणेल, मग विमानातही ज्याला हवी ती दिशा द्या. नाही, आणि ही रेघ मला ठळक ओढायची आहे. विमान आज एकाच्या हातात असतं, उद्या दुसऱ्याच्या. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी दोन दांडे धरून बसतात. तसंच जेसीबीवर सकाळी एक ऑपरेटर असतो, संध्याकाळी दुसरा. जिथे यंत्र सामायिक आहे आणि चूक दुसऱ्याच्या अंगावर येते तिथे एकच ठरलेली दिशा हवी, आणि ज्याच्या मनाला ती सोपी नाही त्याला शिकायला जास्त वेळ द्यायला हवा. पण फोन किंवा कंट्रोलर एकाच्याच हातात असतो. तिथे एकसारखेपणाचा आग्रह कुणाचंही रक्षण करत नाही. स्पर्धांच्या समतेचा मुद्दाही टिकत नाही, कारण तिथे सेन्सिटिव्हिटी, बटणांच्या जागा आणि जायरो प्रत्येक जण आपल्या हाताप्रमाणे लावूनच येतो. दिशेनेच काय घोडं मारलं?

खर्चाचं कारण तर सांगूच नये. आकड्यामागे उणे चिन्ह लावण्याइतकं हे काम आहे. चाचणीचा वेळ धरला तरी तो थोडाच. एक्सबॉक्स ३६० मध्ये ही पसंती खेळाडूच्या प्रोफाइलमध्ये एकदाच नोंदवता येत होती आणि प्लेस्टेशन ५ मध्येही तशी सोय आहे. त्याहून चांगला नमुना २००१ च्या ‘हेलो’चा. खेळ सुरू होताच पात्राची तपासणी चाललीय असा प्रसंग येतो, वरच्या दिव्याकडे बघायला सांगतात, आणि तुमच्या हातावरूनच तुमची दिशा ठरवून ती पटली का ते विचारतात. मेनू उघडावा लागत नाही. आपल्या पुण्यात सुपरगेमिंगसारखा स्टुडिओ आहे, त्याने ‘इंडस’सारखा नेमबाजीचा मोठा गेम २०२४ मध्ये आणला. भारतीय खेळाडू डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या गेमकडून माझी अपेक्षा आहे की पहिल्या मिनिटालाच त्याने हे विचारावं, आणि अंगठा, जायरो व कंट्रोलर यांच्यासाठी वेगवेगळं विचारावं. नकाशा आणि नेमाचा ठिपका यांच्यात अंगठा जसा फरक करतो, तसाच एकाच माणसाचा हात अंगठ्यासाठी एक आणि जायरोसाठी दुसरी दिशा मागू शकतो. आमच्या भागात कन्सोल थोडे आणि फोन घरोघरी, म्हणून इथल्या मुलांसाठी हा प्रश्न काचेवरच सुटायला हवा.

आणि हा प्रश्न गेमपाशी थांबणारही नाही. नमो ड्रोन दीदी योजनेत बचतगटांना १५,००० ड्रोन द्यायचं ठरलं आहे. शेतावर फवारणीचा ड्रोन उडवणाऱ्या बाईच्या हातातही दोन स्टिक असतात, आणि ड्रोनचं तोंड तिच्याकडे वळलं की त्याची डावी-उजवी तिच्या डाव्या-उजव्याच्या विरुद्ध होते. कोणती स्टिक उंचीची, याच्याही जगात दोन रीती आहेत. ड्रोन गटाचा असतो, म्हणून मी वर ओढलेल्या रेघेप्रमाणे गटात रीत एकच हवी. ती कोणती हे यंत्रावर ठळक लिहिलेलं असावं. पण प्रशिक्षण देणाऱ्यांनी दोन-तीन सत्रांत एखादीला जमलं नाही म्हणून तिला बाजूला बसवू नये. तिच्या मनातलं चित्र काय आहे ते आधी विचारावं, ड्रोन जमिनीवर तोंड फिरवून ठेवून तिला त्याच्या मागे उभं करावं, आणि मग स्टिक हातात द्यावी.