फर्म्यावरील खोटा आळ

सुशिक्षित मंडळींत हल्ली एक मत फार प्रतिष्ठा पावले आहे. सुताराने एकच खुर्ची घडविली तर ती कला. फर्मा लावून तशाच पन्नास घडविल्या तर तो निव्वळ धंदा, असे ते मत होय. बिबवेवाडीसारख्या वस्तीत, जेथे नव्या इमारती उठतात आणि नवी बिऱ्हाडे येतात, तेथे हे मत बैठकीतील गप्पांपुरते राहत नाही; त्यावर सुताराची मजुरी ठरते. म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम फर्मा म्हणजे काय ते पाहू. ज्या नमुन्याच्या फळीवरून लाकडावर आकार उतरवावयाचा, ती फळी म्हणजे फर्मा. लाकूड घट्ट धरून करवतीस किंवा गिरमिटास ठरल्या जागीच नेणारी चौकट, जिला यंत्रशाळेत जिग म्हणतात, ती त्याचीच पुढची पायरी. आठ खुर्च्यांना ३२ पाय लागतात. पायामागे दोनच खाचा धरल्या तरी ६४ खाचा झाल्या. झालेला पाय पुढच्या पायावर ठेवून त्या उतरवीत गेले, तर पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक पायागणिक वाढते, आणि शेवटचा पाय पहिल्याला ओळखही देत नाही. खुर्ची डुगडुगते ती यामुळे. फर्म्यावर प्रत्येक पाय एकाच मूळ मापाशी ताडला जातो. चूक साठत नाही. शिवाय दहा वर्षांनी एक पाय मोडला, तरी त्याच फर्म्यावर केलेला नवा पाय मुकाट्याने आपल्या जागी बसतो.

प्रतिपक्ष इंग्रजी ग्रंथांचा आधार घेतो. कारागिराचे यंत्र बनविणाऱ्या पद्धतीवर रस्किनने १८५३ साली कडक टीका केली, आणि ती आम्हांसही मोलाची वाटते. परंतु त्याचा अनुयायी विल्यम मॉरिस याच्या पेढीनेच लव्हाळ्याच्या बैठकीच्या ससेक्स खुर्च्या ठरीव नमुन्यांवर वर्षानुवर्षे करून विकल्या, हे सोयिस्करपणे विसरले जाते. चंदीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५० नंतर पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सागवानी खुर्च्या मोठ्या संख्येने झाल्या. पुढे त्यांतील कित्येक भंगारात निघाल्या, आणि परदेशच्या लिलावांत त्यांनाच लाखांचे मोल आले. संख्येने कला मरत असती, तर हे लिलाव झालेच नसते.

पण इतके दूर तरी कशाला जावे? बैलगाडीच्या चाकाच्या पुठ्ठ्या एका नमुन्याने कापल्या नाहीत, तर वर्तुळच जुळत नाही. पेणच्या गणेशमूर्ती साच्यातून निघतात. देह साचा देतो. डोळ्यांची आखणी मात्र हात करतो. मूर्ती साच्यातली, म्हणून तिची प्राणप्रतिष्ठा करण्यास कोणा यजमानाने नकार दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. साचा हाताला हद्दपार करीत नाही. जेथे हाताचीच गरज आहे, तेथे त्याला मोकळा करतो. सुतारकामातही लाकडाची रेषा पाहणे, दर्शनी फळी निवडणे आणि शेवटचा रंधा फिरविणे हे हाताचेच काम राहते.

भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट पावसाळ्यात फुगते, हा दाखला कोणी पुढे करील. त्यात दोष मालाचा आणि लोभाचा आहे, फर्म्याचा नव्हे. फर्मा चांगले तसे वाईटही शंभरपट करतो. त्यातील अर्ध्या सुताची चूक शंभर खुर्च्यांत उतरते. म्हणूनच तो करण्यास सर्वांत कसबी हात लागतो.

तेव्हा खरा प्रश्न वस्तू किती केल्या हा नसून फर्मा कोणाचा, हा आहे. दुसऱ्याच्या फर्म्यावर जन्मभर खाचा पाडणारा हमाल होईल, ही भीती खोटी नाही. परंतु ज्याने स्वतः फर्मा केला, त्याने आपला विचार लाकडात साठवून ठेवला आहे. आणि नेमक्या याच विचाराचे दाम आम्ही सुशिक्षित लोक देत नाही. आम्ही चौरस फुटाने कपाट मोजतो, रोजाने हात मोजतो. फर्मा करण्यात गेलेला दिवस मात्र वाया गेला असे समजतो, कारण तो आमच्या घरात राहत नाही. वकिलाचा मसुदा आणि प्राध्यापकाची टिपणे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उपयोगी पडतात, व दर वेळी त्यांचे मोल मिळते. त्यांना कोणी कलाशून्य म्हणत नाही. सुताराच्या पुनरावृत्तीलाच तेवढा विटाळ का?

एका इमारतीत चाळीस बिऱ्हाडे येतात, आणि चाळीस ठिकाणी चाळीस वेळा तेच माप नव्याने घेतले जाते. त्यांतील दहांनी जरी एकत्र येऊन खुर्च्या सांगितल्या, फर्म्याचे दाम निराळे मोजले आणि फर्मा सुताराच्याच मालकीचा ठेवला, तर घरास टिकाऊ खुर्ची मिळेल, व सुतारास पुढील कामाचे भांडवल. कलेच्या नावाने हळहळण्यापेक्षा एवढा व्यवहार केला, तर कलेवर आणि कारागिरावर अधिक उपकार होतील.