पुडी कचरा कधी होते?

'कचरा कचरापेटीतच टाका' ही घोषणा तुम्ही शाळेत कितीदा दिली असेल! पण पेटीत आपण काय टाकतो, हे कधी पाहिलंत का? मी आमच्या घरचा आठवड्याचा सुका कचरा अंगणात ओतून पाहिला. (घरच्यांनी नाकं मुरडली, ते सोडा.) सर्वांत जास्त निघाल्या त्या शाम्पूच्या आणि मसाल्याच्या पुड्या.

अशा पुडीत वेगवेगळ्या प्लास्टिकचे, कधी अ‍ॅल्युमिनियमचेही, पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यामुळे आतला माल टिकतो, हे खरं. पण ते थर पुन्हा वेगळे करणं फार कटकटीचं. म्हणून भंगारवाला लोखंड, पुठ्ठा, पाण्याची बाटली घेतो. पुडीला हात लावत नाही. म्हणजे ती कारखान्यात बनली त्याच दिवशी तिचा कचरा होणार हे ठरलेलं असतं. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, कप बंद झाले. शाम्पूची पुडी मात्र त्या यादीत नाही.

मग पुडी घेणाऱ्याला दोष द्यायचा? मी देत होतो. आमच्या किराणा दुकानदाराने मला गप्प केलं. "सर, रोजमजुरीच्या माणसाले दोनशेची बाटली कशी परवडन?" बरोबरच आहे. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बाईने एकदम दोनशे रुपये कुठून काढायचे? थोडंच विकायचं तर कंपन्यांनी दुकानात मोठे कॅन ठेवावेत, गिऱ्हाइकाने घरची बाटली आणून दोन रुपयांचा शाम्पूही भरून न्यावा, असं माझं मत आहे. यात नवल काही नाही. गोटीसोड्याची बाटली पिऊन झाली की दुकानातच परत जायची ना!

आपल्याकडची पळसाची पत्रावळ बघा. पानाला पान काडीने टाचलेलं, ना डिंक ना तार. जेवण झालं की उकिरड्यावर तिचं खत होतं. आता लग्नात चकाकणाऱ्या कागदी ताटल्या आल्या. त्यांच्यावर बहुधा प्लास्टिकचा पापुद्रा असतो. मग त्या ना धड कुजतात, ना रद्दीत जातात.

वस्तू टिकाऊ आहे की नाही, हे ती बिघडल्यावर कळतं. वाशिम जिल्ह्यात रात्रीच्या लाइनवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या घरात टॉर्च लागतोच. हल्ली स्वस्तातले चार्जिंगचे टॉर्च चिकटवून बंद केलेले मिळतात. आतला सेल गेला की बल्ब, बटण, काच सगळं चांगलं असूनही अख्खा टॉर्च फेकावा लागतो. स्क्रू असलेला टॉर्च घेतला तर तोच सेल बदलून पुढच्या रब्बीलाही चालतो. बाबा नवा टॉर्च घ्यायला निघाले तर तुम्हीही सोबत जा. "याचा सेल बदलता येतो का?" असं दुकानदाराला विचारा. "नाही, नवाच घ्यावा लागते," असं तो म्हणाला, तर दुसरा दाखवायला सांगा.